लीड्सची मध्ययुगीन परिषद: पेपर, पैसे, व्हिसा, लॅटिन... आपल्याकडच्यांनी यावं म्हणून हा धागा

धुकेवाट (१३ जुलै)

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

या गुरुवारी लीड्स युनिव्हर्सिटीतली इंटरनॅशनल मिडीव्हल काँग्रेस संपली. इथे सगळे तिला आयएमसी म्हणतात. १९९४ पासून दर जुलैत सोमवार ते गुरुवार चार दिवस भरते, दोन हजारांच्या वर माणसं जगभरातून येतात आणि चार दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त मध्ययुगावर बोलतात. मी २०२३ ला इथे एम.ए. मिडीव्हल स्टडीजला आले, गेल्या वर्षी परिषदेत विद्यार्थी मदतनीस म्हणून काम केलं (पगारी असतं, इथे शिकायला येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्या एका आठवड्यात जेवढी माणसं भेटतात तेवढी वर्षभरात भेटत नाहीत) आणि यंदा नुसती ऐकायला गेले.

कार्यक्रमपत्रिका हातात आली की मी पहिल्यांदा आपल्या भागावर कोण बोलतंय ते शोधते. भारतावर थोडे पेपर असतात, हिंदी महासागरातल्या व्यापारावर असतात, पण कोकण, देवगिरी, पैठण यावर बोलणारं आणि तिथूनच आलेलं माणूस मला अजून एकदाही भेटलेलं नाही. आणि इकडे मी बघते तर आपल्याकडे कॉलेजात शिकवणारे, मोडी वाचणारे, रविवारी गाड्या काढून गावोगाव वीरगळ बघत फिरणारे किती लोक आहेत! मटेरियल आहे, नजर आहे, वाचन आहे, फक्त ते आपलं काम नव्हे असं धरून बसलेत. म्हणून हा धागा.

पेपर म्हणजे वीस मिनिटांचं वाचन, बस. दीड तासाच्या एका सेशनमध्ये असे तीन पेपर आणि उरलेल्या वेळात प्रश्न. एकट्याचा पेपर पाठवायची मुदत ३१ ऑगस्ट, तिघाचौघांनी मिळून अख्खं सेशन पाठवायचं असेल तर ३० सप्टेंबर. दरवर्षी एक सूत्र असतं, गेल्या वर्षी ‘संकट’ होतं, यंदा विद्या आणि शिक्षण, आणि पुढच्या वर्षी म्हणजे ६ ते ९ जुलै २०२६ ला ‘टेम्पोरॅलिटीज’, म्हणजे काळ. काळ मोजायचे कसे, काळाकडे बघायचे कसे, सगळं त्यात येतं. सूत्राच्या बाहेरचे पेपरही घेतात, तसं बंधन नाही.

विचारा काय विचारायचं ते. मला माहीत असेल तेवढं नक्की सांगेन.

ट्रेकर_विन्या (१३ जुलै)

मस्त धागा. एक बेसिक प्रश्न, मध्ययुग म्हणजे कुठून कुठपर्यंत धरतात तिकडे? माझ्याकडे पुरंदर, राजगड, तोरणा इथल्या पाण्याच्या टाक्यांची पाच वर्षांची मोजमापं आहेत, फोटोसकट. ते चालेल का?

धुकेवाट (१३ जुलै)

विन्या, हा बेसिक नाही, हाच सगळ्यात मोठा अडथळा आहे आणि मी स्वतः यात अडखळले होते. युरोपात मध्ययुग म्हणजे साधारण सन ३०० ते १५००. शिवकाल त्यांच्या हिशोबात ‘अर्ली मॉडर्न’ मध्ये, म्हणजे आधुनिक काळाच्या सुरुवातीत पडतो, त्याच्या परिषदा वेगळ्या. त्यामुळे टाक्यांवर १६५० नंतरचं काम एवढंच म्हणणं असेल तर इथे बसणार नाही. पण त्यातली काही टाकी यादव किंवा बहामनी काळातली आहेत असं तुला दाखवता येत असेल, छिन्नीच्या खुणांवरून म्हण किंवा जवळच्या लेखावरून म्हण, तर मात्र नक्की बसेल.

जुनी_बखर (१४ जुलै)

माझी तीस वर्षं शिकवण्यात गेली. आमच्याकडे ‘मध्ययुगीन’ या शब्दाखाली सुलतानशाही, विजयनगर, बहामनी, मुघल आणि मराठे सगळं एकत्र येतं, थेट १८१८ पर्यंत. मुलं पेशवाईला मध्ययुग म्हणतात आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही, कारण गावगाडा, वतन, बलुतं हे १३०० सालीही होतं आणि १८०० सालीही होतं. रोमचं साम्राज्य पडलं तिथून त्यांचं मध्ययुग सुरू होतं, त्याच्याशी आपला संबंध काय? त्यांच्या फुटपट्टीने आपण का मोजायचं, हा माझा खरा प्रश्न आहे.

धुकेवाट (१४ जुलै)

काका, प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो तिथेही विचारला जातो. गेल्या काही वर्षांत युरोपाबाहेरच्या जगाला मध्ययुग हा शब्द लावायचा की नाही यावर तिथल्याच लोकांत खूप वाद चाललाय, काही जण म्हणतात शब्दच टाकून द्या, काही म्हणतात शब्द राहू दे पण आफ्रिका, भारत, चीन सगळ्यांना आत घ्या. मला वाटतं हा वाद आपण घरी बसून करण्यापेक्षा त्या खोलीत उभं राहून करावा. तुम्ही गावगाडा आणि वतनाबद्दल जे लिहिलंत तेवढंच घेऊन कोणी वीस मिनिटं बोललं तर ऐकायला माणसं असतील.

नागावकर (१५ जुलै)

नमस्कार ताई. मी अलिबागजवळचा, रायगड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो, पीएचडी अजून झालेली नाही. मी आजवर इंग्रजीत एकही पेपर वाचलेला नाही, जिल्हा पातळीवरच्या मराठी चर्चासत्रांतच बोललोय. आमच्या गावाला भीमेश्वराच्या देवळातला शिलालेख आहे, शके १२८९ चा, म्हणजे १३६७ साल. लहानपणापासून बघतोय. शेजारीच अक्षीला दुसरा, त्यावरचा शक ९३४ वाचला तर १०१२ साल येतं, पण त्या वाचनावर वाद आहे. ही दोन्ही गधेगळं. सध्या मी रेवदंडा ते किहीम पट्ट्यातल्या अशा दगडांच्या नोंदी करतोय. गधेगळासारखी गोष्ट तिथल्या लोकांना काय समजणार असं वाटतं म्हणून विचारतो, यात काही आहे का?

धुकेवाट (१५ जुलै)

नागावकर सर, तुमची पोस्ट वाचून मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. यात काही आहे का म्हणून काय विचारता, यात सगळं आहे!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गधेगळ म्हणजे दानाचा दगड. वर चंद्र आणि सूर्य, मधे लेख, आणि खाली गाढव आणि स्त्री. राजाने जमीन दिली, ती जो कोणी हिसकावेल त्याच्या आईच्या नावाने शिवी आहे, आणि वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून कोरून दाखवलेली. शिलाहारांच्या काळापासून कोकणात असे दगड बरेच सापडतात.

आता इंग्लंडमध्ये काय होतं बघा. नॉर्मन लोक यायच्या आधीची, म्हणजे १०६६ च्या आधीची जी दानपत्रं आहेत ती बहुतेक लॅटिनमध्ये असतात. राजाची पदवी, देवाची स्तुती, दान कोणाला, सगळं लॅटिन. मग शाप, की हे दान जो मोडेल तो येशूला दगा देणाऱ्या जुडासबरोबर नरकात जळो. पण मधे जिथे जमिनीच्या हद्दी येतात, ओढ्यापासून जुन्या काटेझाडापर्यंत, तिथून टेकाडापर्यंत, तिथे लिहिणारा लॅटिन सोडतो आणि बोलीत, म्हणजे जुन्या इंग्रजीत लिहायला लागतो. कारण हद्द गावच्या माणसाला कळायला हवी.

आणि आपल्याकडे? १२ व्या शतकाच्या अखेरचा परळचा शिलालेख आठवा, शिलाहार राजा अपरादित्याचा. अख्खा संस्कृतमध्ये, आणि शेवटचा शाप तेवढा मराठीत! पॅलिओग्राफीच्या, म्हणजे जुनं हस्ताक्षर वाचायच्या तासाला सरांनी पहिल्यांदा असं दानपत्र दाखवलं तेव्हा मला परळ आठवला आणि मी हात वर करून सांगितलं, तर पुढचा अर्धा तास वर्ग त्यावरच बोलत राहिला. तिथे हद्द बोलीत, आपल्याकडे शाप बोलीत. असं का? हा प्रश्न मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरतेय आणि त्याचं उत्तर द्यायला लागणारे दगड तुमच्या अंगणात आहेत.

मृण्मयी_ठाणे (१६ जुलै)

विषय खूप चांगला आहे पण एक सांगते. गधेगळाबद्दल बोलताना लोक एकतर खिदळतात नाहीतर ‘शापाचं शिल्प’ म्हणून पटकन पुढे जातात. त्या दगडावर एका बाईवर अत्याचार कोरलेला आहे, आणि ती बाई गुन्हेगार नाही, गुन्हा करणाराची आई आहे. म्हणजे पुरुषाने जमीन हडपली तर शिक्षा त्याच्या आईच्या देहाला. तिथे परक्या लोकांसमोर हा फोटो स्क्रीनवर लावणार असाल तर आधी याच्यावर दोन मिनिटं बोला, मग पुढे जा. आमच्याकडच्या एका गावात बायका त्या दगडाला शेंदूर लावून पूजा करतात, त्यांना विचारलं तर देवी म्हणतात. तेही कोणीतरी नीट लिहून ठेवायला हवं.

नागावकर (१६ जुलै)

मृण्मयीताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. वर्गात हा विषय शिकवताना माझी फार कुचंबणा होते, मुली मान खाली घालतात आणि मुलं हसतात, आणि मी घाईघाईने लेखाच्या भाषेवर जातो. ते टाळणं होतं हे आज कळलं. शेंदराचं आमच्याकडेही आहे, एका ठिकाणी तर दगड उलटा पुरलाय, लोकांना भीती वाटते म्हणून.

धुकेवाट (१६ जुलै)

मृण्मयी, धन्यवाद, मी माझ्या पोस्टमध्ये ‘आईच्या नावाने शिवी’ म्हणून भरभर पुढे गेले ते मलाही आत्ता खटकलं. आयएमसीत स्त्रियांवर, कायद्यातल्या हिंसेवर बरीच सेशन्स असतात, तिथला श्रोता हा प्रश्न विचारणारच. इंग्लंडच्या शापात दान मोडणारा स्वतः नरकात जातो, मेल्यावर. आपल्या शापात त्याची जिवंत आई गावासमोर. हा फरक पेपरमध्ये यायलाच हवा.

सायली_९७ (१७ जुलै)

ताई, मी एम.ए. इतिहासच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परिषदेपेक्षा मला तिथे शिकायला यायचंय. लॅटिन अजिबात येत नाही, घरची परिस्थिती बेताची, अनुसूचित जाती प्रवर्ग. अशक्य असेल तर तसं स्पष्ट सांगा, चालेल.

धुकेवाट (१७ जुलै)

सायली, अजिबात अशक्य नाही. एकेक सांगते.

लॅटिन मला पण शून्य होतं. इथे एम.ए. ला येणाऱ्यांना अगदी पहिल्या पायरीपासून शिकवतात. आणि तुला विभक्ती माहीत आहेत ना, प्रथमा द्वितीया तृतीया, आठवी ते दहावी संस्कृत असेल तर मग तू पुढेच आहेस, माझ्या वर्गातल्या इंग्रज मुलांना कर्त्याचं आणि कर्माचं रूप वेगळं का होतं हे समजायलाच दोन आठवडे गेले आणि मी रामः रामम् म्हणत निघून गेले. इंग्लंडच्या नॅशनल अर्काइव्हजच्या वेबसाइटवर लॅटिनचे धडे फुकट आहेत, नवशिक्यांसाठी, खऱ्या जुन्या कागदांवरूनच शिकवतात. रोज अर्धा तास काढ, आजपासून. पॅलिओग्राफीत मोडी वाचणाऱ्या माणसाला भीती नसते. लेखनिक अक्षरं गाळायचे आणि वर खूण करायचे. स्वरावर आडवी रेघ असली की पुढे एम किंवा एन आहे असं समजायचं, म्हणजे आपला अनुस्वारच की. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा बाईंनी फळ्यावर ‘अं’ काढायला लावला.

पैसे. इथला एम.ए. एका वर्षाचा, सप्टेंबर ते सप्टेंबर. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, त्यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, लीड्स क्यूएस नावाच्या क्रमवारीत पहिल्या शंभरात आहे त्यामुळे तिथे अडचण यायला नको. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप पण बघ, पण तिचे नियम बारकाईने वाच, २०२२ पासून भारताचा इतिहास, संस्कृती, समाज यावरचे विषय त्यांनी वगळले, मग मृण्मयीच्या दगडावर काम करायचं म्हणणाऱ्या मुलीला ती मिळणार नाही आणि यॉर्कशरच्या मठावर काम करायचं म्हणणारीला अर्ज करता येईल. मला हे अन्यायकारक वाटतं, पण तुला माहीत असायला हवं. तू लीड्सला येऊन युरोपचं मध्ययुग शिकणार असशील तर विषय मांडताना याचा विचार कर. जे.एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, ती कर्जाऊ असते, नंतर फेडावी लागते. चिव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या नोकरीचा अनुभव लागतो, म्हणजे तुझ्यासाठी पुढे.

उत्पन्नाचा दाखला, जातीची व्हॅलिडिटी हे आत्ता काढायला टाक, माझ्या एका मैत्रिणीचा प्रवेश झालेला असताना एका कागदासाठी वर्ष गेलं.

सायली_९७ (१७ जुलै)

व्हॅलिडिटी आहे. उत्पन्नाचा दाखला सोमवारी टाकते. लॅटिनचा पहिला धडा उघडलाय, आज रात्री करते.

मिशिगनकर (१८ जुलै)

अमेरिकेतून लिहितोय. इकडे कॅलमझूला वेस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीत अशीच परिषद दर मेमध्ये असते, १९६२ ला सुरू झालेली, लीड्सपेक्षा जुनी. मी इंजिनियर माणूस, बायको साहित्याची, तिच्याबरोबर एकदा गेलो होतो. ज्यांचे नातेवाईक या बाजूला आहेत त्यांनी हीपण बघावी.

ट्रेकर_विन्या (१८ जुलै)

धुकेवाट, तिथे चार दिवस नुसतंच ऐकायचं का? फिरायला काही?

धुकेवाट (१९ जुलै)

खूप आहे. परिषदेतर्फेच सहली निघतात, मठ, किल्ले, चर्च. आवारात एक दिवस जत्रेसारखं असतं, कारागीर येतात, चर्मपत्र कसं बनवायचं, लोहार, ससाणे घेऊन आलेली माणसं. आणि पुस्तकांचे स्टॉल, तिथे मात्र पाकीट घट्ट धरा. दरवर्षी मी पहिल्या दिवशी सेकंडहँड पुस्तकांकडे जाते, नवी पुस्तकं इथे फार महाग.

युनिव्हर्सिटीत पांढऱ्या मनोऱ्याची पार्किन्सन बिल्डिंग, तिला लागून ब्रदर्टन लायब्ररी, १९३६ ची. आत गोल वाचनालय, वर घुमट, भोवती हिरव्या संगमरवराचे खांब. माझा सगळा प्रबंध तिथे लिहून झाला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे टॉल्किन १९२० ते १९२५ इथे शिकवायचे, आणि त्याच काळात सहकाऱ्याबरोबर १४ व्या शतकातल्या एका इंग्रजी काव्याची प्रत त्यांनी संपादित केली जी अजून वर्गात वापरतात.

शहरातून बसने कर्कस्टॉलला जा. एअर नदीच्या काठी सिस्टर्शियन साधूंचा मठ, ११५२ मध्ये बांधायला घेतला, १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात बंद केला. छप्पर नाही, भिंती आकाशापर्यंत उभ्या, आत गवत, पोरं फुटबॉल खेळतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला कोकणातल्या पडक्या देवळासारखं वाटलं आणि घरची फार आठवण आली. हे साधू मेंढ्या पाळायचे आणि लोकर थेट इटलीच्या व्यापाऱ्यांना विकायचे. विन्या, तुझ्यासारख्याने तिथे पाण्याची आणि सांडपाण्याची व्यवस्था बघावी.

आणि शहरातल्या रस्त्यांची नावं! कर्कगेट, ब्रिगेट. यातलं गेट म्हणजे दरवाजा नव्हे, जुन्या नॉर्स भाषेत ‘गाटा’ म्हणजे रस्ता. डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेले लोक हजारेक वर्षांपूर्वी इथे वस्तीला राहिले त्यांचा शब्द. मला हे कळल्यापासून रोज बाजारात जाताना त्या पाट्या वेगळ्या दिसतात.

रॉयल आर्मरीज म्हणून शस्त्रांचं मोठं म्युझियम आहे, तिथे हिंदुस्थानातून आणलेलं हत्तीचं चिलखत आहे, हजारो छोट्या लोखंडी पट्ट्या कड्यांनी जोडलेल्या. १८०१ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरच्या बायकोने, लेडी क्लाइव्हने इकडे आणलं. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी होते.

नागावकर (२ ऑगस्ट)

ताई, खर्चाचं बघितलं. रजिस्ट्रेशन, राहणं, विमान, व्हिसा मिळून माझ्या आवाक्याबाहेर जातंय. शिवाय कॉलेजात विचारलं तर सांगण्यात आलं की परीक्षा आणि प्रवेशाच्या काळात रजा मिळणार नाही. जाऊ दे म्हणतोय.

धुकेवाट (२ ऑगस्ट)

सर, जाऊ दे म्हणू नका अजून. बर्सरी असते, म्हणजे फीमध्ये, राहण्याजेवणात पूर्ण किंवा थोडी मदत, विद्यार्थी, नोकरी नसलेले, स्वतंत्र संशोधक आणि पश्चिम युरोपाबाहेरून येणारे यांचा विचार करतात. पेपरबरोबर तिचाही अर्ज करा. विमानाचं तिकीट मात्र त्यात धरू नका, ते आपलं आपण असं समजूनच हिशोब करा. आणि दुसरं, २०२२ पासून परिषद प्रत्यक्ष आणि ऑनलाइन अशी दोन्ही प्रकारे होत आलीय. फॉर्म भरताना ऑनलाइनचा पर्याय बघा. इथली सकाळची ९ ची सेशन्स तुमच्याकडे दुपारी दीडला असतात, साडेचारची रात्री नऊला. कॉलेज सुटल्यावर घरी बसून पेपर वाचता येईल, रजा कोणाला मागायचीच नाही.

प्रत्यक्ष यायचं ठरलं तर व्हिजिटर व्हिसा लागतो, परिषदेसाठी तो चालतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे एप्रिलमध्ये. आयोजकांचं पत्र मागून घ्या, नोकरीचं पत्र, बँकेचे सहा महिन्यांचे कागद, परत येणार हे दिसायला हवं.

जुनी_बखर (३ ऑगस्ट)

नागावकर, ऑनलाइन तर ऑनलाइन, पण पाठवाच. इंग्रजीची काळजी करू नका, मी वाचून देईन. माझा एक सल्ला, अख्खा रेवदंडा-किहीम पट्टा वीस मिनिटांत मावणार नाही. एक दगड घ्या. मी असतो तर तुमच्या गावचाच घेतला असता. त्या लेखात सुरुवातीलाच हिजरी ७६९ आहे, मग शके १२८९, प्लवंग संवत्सर. हंबीरराव राजा, पदव्या सगळ्या जुन्या धर्तीच्या, आणि आधी लिहिलंय हिजरी. पुढच्या वर्षीचं सूत्र काळ आहे असं या बाईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय ना?

धुकेवाट (३ ऑगस्ट)

काका!!! मी पंधरा दिवस भाषेच्या मागे लागले होते आणि हे समोर असून दिसलं नाही.

एका दगडावर तीन काळ आहेत. हिजरी सन, जो समुद्रावरून आणि सत्तेवरून आला. शक आणि संवत्सर, जे पंचांगातून आले. आणि वर चंद्र-सूर्य, म्हणजे आचंद्रार्क, मोजायचाच नाही असा काळ, दान तोवर टिको. खालचा शाप हा त्या तिसऱ्या काळाचा पहारेकरी. इंग्लंडच्या कागदातही हेच थर असतात, राजाच्या कारकिर्दीचं अमुक वर्ष, अमुक संताच्या सणानंतरचा सोमवार, आणि दानाला मात्र ‘इन पर्पेट्युअम’, कायमचं. त्यांचे खंड भरायचे, माणसं कामाला ठेवायचे दिवस पण सणांना बांधलेले, सेंट मायकेलचा दिवस २९ सप्टेंबर, जसा आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो तसं.

सर, हाच पेपर आहे.

नागावकर (१९ ऑगस्ट)

काकांनी दोनदा तपासून दिला, तिसऱ्यांदा तुम्हा सगळ्यांसमोर ठेवतो. मराठीत सांगतो, इंग्रजी फॉर्मसाठी वेगळं आहे.

“कोकणातल्या नागाव इथला १३६७ सालचा शिलालेख हिजरी आणि शक अशा दोन गणना शेजारीशेजारी देतो. वर कोरलेले चंद्र-सूर्य दानाला कालमर्यादा नाही असं सांगतात, तर अखेरचा मराठी शाप ते मोडणाऱ्याच्या आईवरील हिंसेची धमकी देतो. बंदराजवळच्या एका गावात हे वेगवेगळे काळ कोणासाठी लिहिले गेले, त्यातला कोणता कोणाला वाचता येत होता, आणि कायमचं दान राखण्याचा भार एका स्त्रीच्या देहावर का टाकला गेला, हे या पेपरमध्ये पाहिलं आहे.”

मृण्मयी_ठाणे (१९ ऑगस्ट)

शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. ‘कोणाला वाचता येत होता’ हे फार आवडलं.

धुकेवाट (२० ऑगस्ट)

फक्त एक सुचवते. ‘बंदराजवळच्या’ च्या जागी ‘चौल बंदराजवळच्या’ लिहा, चौल हे नाव अरब आणि युरोपीय प्रवाशांच्या लिखाणातून तिथल्या लोकांना ठाऊक असतं, त्यांना नकाशावर बोट ठेवता येईल. बाकी एक अक्षर बदलू नका. आणि ३१ तारखेची वाट बघू नका, शेवटच्या दिवशी साइट मंद चालते.

ट्रेकर_विन्या (२४ ऑगस्ट)

नागावकर सर, दगडाचे चांगले फोटो हवे असतील तर मी येतो. तिरप्या उजेडात काढावे लागतात, सकाळी लवकर किंवा रात्री टॉर्च बाजूने धरून, मग झिजलेली अक्षरं उठून दिसतात. आधी देवळाच्या लोकांना विचारून ठेवा.

नागावकर (२८ ऑगस्ट)

काल रात्री साडेअकराला फॉर्म भरला, ऑनलाइनचा पर्याय निवडलाय, बर्सरीचा अर्ज मुदतीत वेगळा करणार आहे. पोहोच आली ईमेलवर. विन्या आणि मी आज पहाटे साडेपाचला देवळात होतो, गुरवकाकांनी स्वतः दिवा धरला, आणि शापाच्या ओळीतलं एक अक्षर जे मी वीस वर्षं ‘मा’ वाचत होतो ते आज स्वच्छ दिसलं, ‘मा’ च आहे. ठसा घेऊन ठेवलाय.

सायली_९७ (२८ ऑगस्ट)

अभिनंदन सर! माझा लॅटिनचा सातवा धडा झाला. ताई, ‘इन पर्पेट्युअम’ मध्ये ‘इन’ पुढे द्वितीया का आहे, सप्तमीसारखं का नाही?

धुकेवाट (२९ ऑगस्ट)

कारण तिथे काळात असणं नाही, काळाकडे जाणं आहे. ‘इन’ च्या पुढे द्वितीया आली की दिशा, लॅटिनची पंचमी आली की जागा. ‘गावात’ आणि ‘गावाला’ मधला फरक. सर, अभिनंदन, काकांना पेढे द्या. सायली, आठव्या धड्यात अडलीस तर इथेच विचार.